चाप ओढण्याचा आणि चाप लावण्याचा

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि अकरावीतला एक विद्यार्थी प्रयोगशाळेत आला तो हातात खेळण्यातली बंदूक घेऊन. पाण्यात भिजवून फुगवलेल्या मऊ, पारदर्शक गोळ्या उडवणारी ही बंदूक तुमच्यापैकी अनेकांनी जत्रेत किंवा खेळण्यांच्या दुकानात पाहिली असेल. चाप ओढला की आतली मोटर घरघरते आणि गोळ्या एकामागून एक बाहेर पडतात. याच्या बंदुकीत मात्र चाप ओढूनही काही होईना. आम्ही स्क्रू काढून ती उघडली. बॅटरी चांगली होती, मोटरही चांगली होती. बिघाड होता तो चापाच्या मागे. तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या जिथे एकमेकींना टेकतात, तिथे काजळी धरली होती आणि एका पट्टीला चक्क खड्डा पडला होता.

"सर, पॉलिश पेपरने घासून बघू का?" त्याने विचारले.

घासून काम झाले असते, पण महिनाभरच. त्यापेक्षा हिला इलेक्ट्रॉनिक चाप बसवू, असे मीच सुचवले. दोन दिवसांत जोडणी झाली. शनिवारी दुपारी मी बॅटरीची पिन खोचली. चापावर कोणाचेही बोट नव्हते. तरीही मोटर सुरू झाली, दहा-बारा गोळ्या सटासट समोरच्या भिंतीवर जाऊन फुटल्या आणि दीड-दोन सेकंदांनी मोटर आपणहून थांबलीही. त्या भिंतीशी आमच्या प्रयोगशाळेच्या परिचरांचे टेबल आहे. ते नेमके चहाला गेले होते, म्हणून त्यांचे डोळे वाचले.

चाप ओढला कोणी? विद्यार्थी माझ्याकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे.

मराठीत 'चाप' या शब्दाला दोन अर्थ आहेत. बंदुकीचा चाप ओढला की बार उडतो, आणि एखाद्याला चाप लावला की तो आवरतो. आमच्या त्या पहिल्या चापाला पहिले काम येत होते, दुसरे येत नव्हते. इलेक्ट्रॉनिक चाप बनवणे म्हणजे मुख्यतः हे दुसरे काम त्याला शिकवणे. ते कसे, हे आता क्रमाने पाहू.

पिचकारी, स्प्रिंग आणि मोटर

या बंदुकीच्या पोटात असते एक हवेची पिचकारी. दट्ट्याच्या मागे दणकट स्प्रिंग असते. मोटर दंतचक्रांच्या साहाय्याने दट्ट्याला मागे ओढते व स्प्रिंग दाबली जाते. शेवटच्या चक्राला दाते असतात ते परिघाच्या काही भागावरच. दाते संपले की दट्ट्या सुटतो, स्प्रिंग त्याला पुढे फेकते, पुढची हवा दाबली जाते आणि गोळी नळीतून बाहेर पडते. चक्राचा एक फेरा म्हणजे एक गोळी, हे ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला ते लागणार आहे.

मोठ्यांच्या 'एअरसॉफ्ट' नावाच्या खेळातल्या बंदुका याच तत्त्वावर चालतात. हा खेळ जपानात सुरू झाला. त्यात ६ मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या गोळ्या वापरतात. १९९१ साली टोकियो मारुई या जपानी कंपनीने मोटरवर चालणारी पहिली बंदूक बाजारात आणली, आणि तेव्हापासून चापाच्या पट्ट्या जळण्याची तक्रारही सुरू झाली म्हणायला हरकत नाही. कारण या बंदुकीत चाप म्हणजे साधा खटका आहे, आणि मोटरला जाणारा सगळाच्या सगळा विद्युत्प्रवाह त्या खटक्यातून जातो.

पट्ट्या का जळतात?

एअरसॉफ्ट बंदुकीची बॅटरी ७.४ व्होल्टची आहे आणि मोटर, तारा व बॅटरी यांचा मिळून रोध ०.२ ओहम आहे असे समजा. खटका जोडल्या क्षणी मोटर स्थिर असते. त्या क्षणी ओहमच्या नियमाने प्रवाह येतो ७.४ भागिले ०.२, म्हणजे ३७ अँपिअर! तुमच्या घरातला पंखा अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. मोटर फिरू लागली की तिच्या वेटोळ्यात प्रवर्तनाने उलट विद्युत्दाब निर्माण होतो आणि प्रवाह खाली येतो. तो १५ अँपिअरवर स्थिरावला असे धरले, तर उलट दाब किती झाला? रोधावर पडतात १५ गुणिले ०.२, म्हणजे ३ व्होल्ट. उरलेले ४.४ व्होल्ट मोटर स्वतःच परतवत असते.

आता बोट सोडा. वेटोळ्याला प्रवाह एकाएकी थांबलेला खपत नाही. चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. प्रवर्तकत्व ०.२ मिलिहेन्री धरले तर ½एलआय² या सूत्राने ही ऊर्जा येते सुमारे ०.०२२ ज्यूल. आकडा क्षुल्लक दिसतो, पण ही ऊर्जा काही सूक्ष्मसेकंदांत, सुईच्या टोकाएवढ्या जागी, ठिणगीच्या रूपाने बाहेर पडते. प्रत्येक ठिणगी तांब्याचा एक कण जाळते. पृष्ठभाग खडबडीत होतो, रोध वाढतो, आणि रोध वाढला की उष्णता वाढते. पट्ट्यांच्या सांध्याचा रोध नुसता ०.०५ ओहम झाला तरी १५ अँपिअरला तिथे ११ वॅट उष्णता निघते. २५ वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या जवळजवळ निम्मी! खेळण्यातल्या बंदुकीत हे आकडे बरेच लहान असतात, पण तिच्या पट्ट्याही तशाच नाजूक असतात.

उपाय सरळ आहे. बोटाने फक्त निरोप द्यावा आणि प्रवाहाचे ओझे दुसऱ्याने उचलावे. हा हमाल म्हणजे मॉस्फेट जातीचा ट्रान्झिस्टर. त्याला तीन पाय असतात: गेट, ड्रेन आणि सोर्स. ड्रेनकडून सोर्सकडे जाणारी वाट एरवी बंद असते. गेटवर पुरेसा विद्युत्दाब दिला की ती उघडते. विशेष म्हणजे गेट आणि ही वाट यांच्यामध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा अतिशय पातळ विद्युत्‌रोधक थर असतो. म्हणून गेटमधून सतत प्रवाह वाहत नाही. त्याला हवा असतो तो नुसता विद्युत्‌भार.

आणि आमच्या त्या शनिवारच्या चोराचा माग इथेच लागतो.

गेट म्हणजे एक चिमुकले धारित्र झाले. आम्ही वापरलेल्या मॉस्फेटच्या गेटची धारकता साधारण १,७०० पिकोफॅरड. वाट उघडण्यास ३ व्होल्ट पुरेसे मानले, तर लागणारा भार धारकता गुणिले दाब, म्हणजे सुमारे ५ नॅनोकूलोम. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलताना आपण याहून कितीतरी अधिक भार सहज गोळा करतो. बॅटरी जोडल्यावर आमच्या नियंत्रकाला जागे होऊन कार्यक्रम सुरू करायला दीड-दोन सेकंद लागत होते. तेवढा वेळ त्याची पिन कोणताच हुकूम देत नव्हती आणि गेट अधांतरी लोंबकळत होते. माझ्या बोटांवरचा भार म्हणा, शेजारच्या तारांमधली गुणगुण म्हणा, कशाने तरी ते भरले आणि वाट उघडली. नियंत्रक जागा झाला, त्याने "बंद" असे सांगितले, आणि मोटर थांबली. ती आपणहून का थांबली याचेही उत्तर मिळाले.

औषध चार आण्याचे म्हणावे इतके स्वस्त आहे. गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १० किलोओहमचा एक रोधक जोडायचा. कोणी हुकूम देत नसेल तेव्हा गेटवर आलेला आगंतुक भार या वाटेने निघून जातो. किती वेळात? रोध गुणिले धारकता, म्हणजे १०,००० गुणिले १,७०० पिकोफॅरड, बरोबर १७ मायक्रोसेकंद. मोटरला पत्ताही लागत नाही. हा रोधक मी विसरलो होतो. बारावीला दरवर्षी धारित्राचा कालांक शिकवणारा मी!

नेमबाजांचा चाप

बोटाने नुसता निरोप द्यायचा ही कल्पना खेळण्यापुरती आहे असे समजू नका. आमच्या पनवेलचे नाव नेमबाजीत घेतले जाते ते कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीच्या रेंजमुळे आणि सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबमुळे. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमाताईंनी १० मीटर एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली, आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. पॅरालिंपिकमध्ये २०२१ आणि २०२४ साली सुवर्णपदक मिळवणारी अवनी लेखरा त्यांचीच शिष्या.

४०० पैकी ४०० म्हणजे काय ते जरा मोजून पाहा. १० मीटरवरच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्ऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर. छर्ऱ्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचे केंद्र ठिपक्याच्या केंद्रापासून फार तर अडीच मिलिमीटर ढळलेले चालते. १० मीटरला अडीच मिलिमीटर, तर १ मीटरला पाव मिलिमीटर. खांद्यापासून नळीचे टोक साधारण एवढ्याच अंतरावर असते. चाप ओढताना बोटाच्या हिसक्याने ते टोक पाव मिलिमीटरहून अधिक हलले की दहा गेले. चाळीस वेळा असे होऊ द्यायचे नाही!

यांत्रिक चापात पोलादाचे दोन कंगोरे एकमेकांत अडकलेले असतात व चाप ओढताना ते घसरत सुटतात. त्या घसरण्यात घर्षण येते, झीज येते, धुळीचा कण येतो. कुशल कारागीर ते कंगोरे आरशासारखे घासतात, तरीही घर्षण ते घर्षणच. इलेक्ट्रॉनिक चापात बोट एक बारीकसा खटका जोडते आणि आतले विद्युत्‌चुंबक बाकीचे काम करते. बोटाला जाणवणारा जोर फक्त एका स्प्रिंगचा, म्हणून तो पहिल्या फैरीला आणि साठाव्या फैरीला सारखाच. स्वित्झर्लंडच्या मोरिनी कंपनीच्या सीएम-१६२ या प्रसिद्ध हवाई पिस्तुलाची एक जात अशाच चापाची आहे. आंतरराष्ट्रीय नियमांना असा चाप चालतो. अट एवढीच की त्याचे सर्व भाग शस्त्राच्या आतच घट्ट बसवलेले असावेत आणि तो नेमबाजाने हातानेच चालवावा. शिवाय १० मीटर हवाई पिस्तुलाला चापाचा जोर निदान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. तो इलेक्ट्रॉनिक असला म्हणून त्यात सवलत नाही.

टेबलावरचा चाप

आता आपण तुमच्यासाठी चाप बनवू, पण बंदुकीविना. मोटरला पिचकारीऐवजी पुठ्ठ्याची चकती लावायची. शिकण्यासारखे सगळे तेवढ्यात येते, आणि चुकलात तर चकती दोन फेरे जास्त फिरेल, बाकी काही नाही. एअरसॉफ्ट बंदूक दिसायला हुबेहूब खऱ्या बंदुकीसारखी असते. ती घेऊन रस्त्यावर हिंडणे हा निव्वळ वेडेपणा आहे, आणि संरक्षक चष्म्याशिवाय ती हाताळणेही.

सामान फार नाही. पिवळ्या रंगाची, दंतचक्रे बसवलेली छोटी मोटर दुकानात 'बीओ मोटर' म्हणून मागा. नियंत्रक म्हणून आर्डुइनो नॅनो ही पाटी. मॉस्फेट, एक डायोड, तीन-चार रोधक, चार पेन्सिल सेल व त्यांची डबी. चापासाठी जुना, निकामी झालेला संगणकाचा माऊस भंगारवाल्याकडून आणा. त्याच्या बटणाखालचा खटका फार चांगल्या प्रतीचा असतो, आणि जुना गोळीवाला माऊस मिळाला तर दुधात साखर. त्याच्या पोटात खाचा पाडलेली दोन चिमुकली चाके आणि प्रत्येक चाकाच्या एका बाजूस अवरक्त एलईडी व दुसऱ्या बाजूस प्रकाशग्राही ट्रान्झिस्टर असतो. फेरे मोजायला आपल्याला तेच हवे आहे. नाही मिळाला तर दुकानात 'स्लॉट सेन्सर' मागा. हार्बरच्या लोकलने कुर्ला, तिथून दादर करत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठलात, तर साधारण पाचशे रुपयांच्या आत हे सगळे पिशवीत पडते. त्यातला निम्मा खर्च नॅनोचा.

मॉस्फेट घेताना मात्र अक्षरे नीट वाचा. आपल्याला हवा आहे आयआर'एल'झेड-४४-एन. आयआर'एफ'झेड-४४-एन हा त्याचा भाऊ दिसायला अगदी तसाच असतो, पण त्याचे गेट पुरते उघडायला १० व्होल्ट लागतात. नॅनो देते ५. मग वाट अर्धवट उघडते, तिचा रोध जास्त राहतो आणि मॉस्फेट चटका बसेल इतका तापतो. एका अक्षराच्या फरकाने मी एक रविवार घालवला आहे. 'एल' अक्षरवाल्याची वाट ५ व्होल्टला पुरती उघडते व तिचा रोध सुमारे ०.०२५ ओहम असतो. आपल्या मोटरच्या एका अँपिअरला ही उष्णता नगण्यच. एअरसॉफ्टच्या १५ अँपिअरला मात्र २२५ गुणिले ०.०२५, म्हणजे साडेपाच वॅटच्या वर जाते. तिथे उष्णता पसरवण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हवीच.

जोडणी अशी करा. सेलच्या डबीचे धन टोक मुख्य स्विचमधून मोटरच्या एका टोकाला. मोटरचे दुसरे टोक मॉस्फेटच्या ड्रेनला. सोर्स डबीच्या ऋण टोकाला. मोटरच्या दोन टोकांमध्ये १एन-४००७ हा डायोड उलटा जोडा, म्हणजे त्याच्यावरचा पांढरा पट्टा धन बाजूस येईल. एरवी तो काही करत नाही. मॉस्फेट बंद झाला की मघाची ती ०.०२२ ज्यूलसारखी बेघर ऊर्जा या डायोडमधून गोल फिरून जिरते. ठिणगी नाही, काजळी नाही. नॅनोच्या ९ क्रमांकाच्या पिनेपासून २२० ओहमच्या रोधकातून गेटला तार, आणि गेट ते सोर्स तो १० किलोओहमचा रोधक. माऊसचा खटका २ क्रमांकाची पिन आणि ऋण टोक यांमध्ये. या पिनेला आतूनच ५ व्होल्टकडे ओढणारा रोधक असतो, तो कार्यक्रमात चालू करायचा, म्हणजे खटका दाबल्यावर पिन 'शून्य' वाचते. ३ क्रमांकाच्या पिनेला फेरे मोजणारा प्रकाशग्राही. नॅनोला वीज संगणकातून द्या, आणि नॅनोचे व डबीचे ऋण टोक एकमेकांस जोडायला विसरू नका. मित्रमैत्रिणींची मंडले चालत नाहीत तेव्हा दहापैकी निम्म्या वेळा हीच तार राहिलेली असते.

खटका उसळतो

पहिला कार्यक्रम अगदी साधा लिहा. २ क्रमांकाची पिन शून्य झाली की एक मोजा व आकडा पडद्यावर दाखवा. आता मोजून वीस वेळा खटका दाबा. आकडा वीसच्या पुढे गेलेला दिसला, तर चक्रावू नका. धातूची पट्टी धातूवर आदळली की ती रबरी चेंडूसारखी उसळते. काही सहस्रांश सेकंद ती टेकते, सुटते, पुन्हा टेकते. आपल्या बोटाला हे कळत नाही, पण नियंत्रक सेकंदाला हजारो वेळा डोकावत असतो. त्याला प्रत्येक उसळी ही नवी ओढ वाटते. बंदुकीत याचा अर्थ एका ओढीला दोन गोळ्या.

म्हणून नियंत्रकाला थोडा धीर शिकवावा लागतो. दर एक मिलिसेकंदाला पिन पाहा. सलग पाच वेळा तेच उत्तर आले तरच ते खरे माना. या धीराची किंमत पाच मिलिसेकंद. माणूस डोळा मिटतो-उघडतो त्याला शंभर मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो, तेव्हा हा उशीर खेळणाऱ्याला जाणवत नाही. पन्नास वेळा पाहायला सांगितले तर? करून बघा. चाप 'जड' झाल्यासारखा वाटू लागेल, जरी स्प्रिंग तीच आहे.

आता 'कार्यक्रमानुसार' हा शब्द खरा करू. एका ओढीला एक फेरा की तीन, हा आकडा कार्यक्रमात एका ठिकाणी लिहून ठेवायचा व हवा तसा बदलायचा. फेरा कसा ओळखायचा? बरेच जण वेळावर ओळखतात: मोटर ३०० मिलिसेकंद चालवली की एक फेरा. ताज्या सेलवर हे जमते. सेल उतरले की तेवढ्याच वेळात पाऊण फेरा होतो, आणि बंदुकीत दट्ट्या अर्धा मागे ओढलेल्या अवस्थेत अडकून राहतो. स्प्रिंग दाबलेली! वरून शांत दिसणारी ही बंदूक खरी धोक्याची. त्यासाठी वेळ नव्हे, फेराच मोजायचा. चकतीला काठाजवळ एक खाच पाडा. खाच प्रकाशासमोर आली की एक फेरा.

करून पाहिलेत की एक नवी अडचण दिसेल. खाच दिसली, नियंत्रकाने वीज तोडली, तरी चकती थोडी पुढे जाऊनच थांबते. जडत्व! कोनमापकाने हे पुढे जाणे मोजा. ताजे सेल आणि उतरलेले सेल यांच्यासाठी वेगवेगळे मोजा. विज्ञान प्रदर्शनाला याचा आलेख ठेवण्यासारखा आहे. महागड्या एअरसॉफ्ट चापांत यावर तोड म्हणून वीज तुटताच दुसऱ्या मॉस्फेटने मोटरची दोन्ही टोके एकमेकांना जोडतात. फिरती मोटर त्या वेळी जनित्र बनते, तिचाच प्रवाह तिला उलटा ओढतो आणि ती गपकन थांबते. हे अनुभवायचे असेल तर खेळण्यातली साधी मोटर घ्या, आस बोटांनी फिरवा, मग तिची टोके तारेने जोडून पुन्हा फिरवा. दोन मॉस्फेटांचे मंडल मात्र पहिल्याच प्रयत्नात करू नका. दोन्ही एकाच क्षणी उघडले तर बॅटरी थेट शॉर्ट होते.

न उडण्याची तालीम

इथवर चाप ओढण्याचे झाले. आता लावण्याचे. आमच्या त्या शनिवारनंतर विद्यार्थ्याने वहीत एका पानावर प्रश्न लिहायला घेतला: 'बोट नसताना मोटर कशाकशाने फिरू शकते?' ते पान मला त्याच्या जोडणीपेक्षा जास्त आवडले.

गेट अधांतरी असणे, हे झालेच. दुसरे म्हणजे वीज सुरू करतानाच बोट चापावर असणे. बंदूक हातात घेताना बोट आपोआप तिथे जाते. म्हणून कार्यक्रमाने जागे झाल्यावर आधी चाप सुटलेला असल्याची खात्री करावी, आणि तो एकदा सुटलेला दिसल्याशिवाय कोणतीही ओढ मानू नये. तिसरे, चकती अडकणे. मोटर अडली की उलट दाब नाहीसा होतो आणि प्रवाह पुन्हा त्या पहिल्या क्षणाइतका चढतो, तोही सतत. तेव्हा एका सेकंदात खाच दिसली नाही तर मोटर बंद करून चाप पुन्हा सुटेपर्यंत गप्प बसायचे. एअरसॉफ्टची मोटर सेकंदाला दहाहून जास्त फेरे मारते, तिला एक सेकंद फार झाला. चौथे, नियंत्रक व मोटर यांना एकच बॅटरी असणे. मोटर सुरू होताना बॅटरीचा दाब खचकन खाली येतो, नियंत्रकाला घेरी येते आणि तो पहिल्यापासून सुरू होतो. चाप धरून ठेवला तर हे चक्र चालूच राहते. इथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा उपयोगी पडते: जागा झाला तेव्हा चाप ओढलेलाच आहे, म्हणजे हालायचे नाही.

पाचवे कारण त्याला सुचले नव्हते, ते मी सांगितले. मॉस्फेट जळतो तेव्हा साध्या तारेसारखा तुटत नाही. बहुधा त्याची ड्रेन-सोर्स वाट कायमची उघडी पडते. मग गेटवर शून्य द्या, कार्यक्रम कितीही शहाणा असू द्या, मोटर फिरतच राहते. नियंत्रकाच्या हातात काहीच उरत नाही. त्या वेळी कामी येतो तो बॅटरीशेजारचा साधा, हाताने खालीवर करायचा स्विच आणि त्याच्याजवळचा फ्यूज. एवढा शहाणा चाप बसवून पुन्हा जुना खटकाच कशाला, असे विद्यार्थ्याने विचारले. पण हा खटका मोटर चालू असताना रोज शेकडो वेळा तोडायचा नाही, म्हणून त्याच्या पट्ट्या जळत नाहीत. तो वर्षातून एकदा लागेल, कदाचित कधीच लागणार नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही नवा चाप चकतीवर तपासला. बॅटरी पन्नास वेळा काढली आणि जोडली. प्रत्येक वेळेची नोंद त्याने वहीत खूण करून ठेवली. एकेचाळिसाव्या वेळी त्याचे बोट नकळत खटक्यावर राहिले होते. चकती हलली नाही. त्याने बोट उचलले, पुन्हा दाबले, आणि चकती एक फेरा फिरून थांबली. परिचर या वेळी टेबलावरच होते. बंदूक त्याला परत देण्याआधी त्यांनी तिच्या नळीला बाटलीचे एक रबरी बूच घट्ट बसवले आणि मुख्य स्विचवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.